गिअरबॉक्सचा टेकू

सोमवार, ३ जून

इंजिन बाहेर! शिक्षिकाबाईंची गाडी, धूर ओकत आलेली. दादा गाडीखाली, मी वर चेन-पुलीवर. एकतीस वर्षं हेच. मी वरून विचारायचं, ‘सोडू?’ त्यानं खालून म्हणायचं, ‘धरलंय.’ तो शब्द कानावर पडल्याशिवाय मी साखळी हलवत नाही. सख्खा मोठा भाऊ असला तरी!

इंजिन निघालं की गिअरबॉक्स पुढून अधांतरी राहतो. म्हणून त्याच्याखाली जॅक, जॅकवर लाकडी ठोकळा. असा टेकू देऊन झाला की दादा त्या ठोकळ्याला दोनदा थोपटतो, रडक्या बाळाला थोपटावं तसा. आजही थोपटलं. मग चहा.

लेकीनं दिलेल्या वहीचं हे चाळिसावं पान. ‘बाबा, रोज चार ओळी तरी लिहा.’ जन्मभर पाना धरलेल्या हातात पेन दिलं बयेनं! मापं टिपायला बरी पडते, एवढंच. गिअरबॉक्सचे खालचे दोन बोल्ट लांब, वरचे चार आखूड.

बुधवार, ५ जून

उकाडा. शिक्षिकाबाई दोनदा येऊन गेल्या. ‘झाली का हो?’ अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटतं. पिस्टन आले, रिंगा भलत्याच आल्या. परत पाठवल्या. टॅक्सीवाल्याचं चाक नेमकं आपल्या दारात बसलं. फारच घायकुतीला आला, म्हणून गिअरबॉक्सखालचा जॅक काढून त्याला दिला, गिअरबॉक्स तात्पुरता तारेनं बांधला. संध्याकाळी परत लावायचा. दादा वहिनीला घेऊन दिवसभर दवाखान्यात, त्यामुळे सगळं एकट्याच्या गळ्यात. चष्मा अर्धा तास शोधला — कपाळावर होता!

गुरुवार, ६ जून

अक्षर वाकडं येतंय.

दादाची दोन बोटं मोडली. उजव्या हाताची!

सकाळी दहाची गोष्ट. क्लचचं बेअरिंग बसवायला तो गाडीखाली सरकला. ‘टेकू आहे ना रे?’ असं विचारलं असेल त्यानं, मी ‘आहे’ म्हटलं असेल. रोजचंच, कोण ध्यानात ठेवतो! आणि धाडकन आवाज. गिअरबॉक्स पुढून खाली आला, दादाचा हात मध्ये! तो ओरडलासुद्धा नाही. नुसतं ‘उचल, उचल’ म्हणत राहिला. मी पहार घालून उचलला. कसा उचलला, माझं मला माहीत नाही.

खाली बघतो तर जॅक नाही! ठोकळा नाही! तुटकी तार लोंबतेय. आणि आपला जॅक कुठं? दारात, टॅक्सीखाली! टॅक्सीवाला चाक घेऊन गेला तो गेलाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादाचा हात सढळ, कुणी काही मागितलं की देऊन मोकळा. ‘जॅक देऊन टाकलास? आणि गिअरबॉक्स तारेवर? आपल्या बाबांनी हेच शिकवलं?’ रक्तानं भरलेला हात छातीशी धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘हो रे. मीच दिला. राहिलं माझ्याकडून.’

दादाकडून राहिलं! विश्वासच बसत नाही.

शुक्रवार, ७ जून

त्याच्या घरी गेलो. प्लास्टर कोपरापर्यंत. बोलायचं नव्हतं, पण जिभेला हाड नाही माझ्या. ‘दादा, तुझं वय झालं. उद्यापासून गॅरेजवर येऊ नकोस. आज बोटांवर निभावलं, उद्या कुणाचा जीव घेशील.’

वहिनी उसळली. ‘अहो भाऊजी, त्या दिवशी तर हे माझ्याबरोबर —’

‘तू गप्प बस गं,’ दादा म्हणाला. डाव्या हातानं खिशातल्या किल्ल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. मला वाटलं होतं, भांडेल. भांडलाच नाही!

रविवार, ९ जून

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणते, ‘बाबा, वही लिहिता ना रोज?’ इथे एकतीस वर्षांची जोडी फुटली आणि हिला वहीचं पडलंय!

मंगळवार, ११ जून

इंजिन बसवायला घेतलं. पलीकडच्या गल्लीतला मेकॅनिक मदतीला, गाडीखाली. ‘सोडू?’ विचारलं. म्हणतो कसा, ‘सोडा की!’ साखळीवरचा माझा हात हलेचना. अरे, सोडा की काय? धरलंय की नाही ते बोल!

गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या भोकात जाईना. केसभर खाली, मग केसभर वर. दादा नुसत्या आवाजावर जुळवायचा. तीन तास झटलो, घोडं तिथंच. इंजिन पुन्हा जमिनीवर. खाली बसलो आणि रडलो. मेकॅनिक दुसरीकडे बघत उभा राहिला, भला माणूस.

बुधवार, १२ जून

दांडा आज कसाबसा गेला, पण बोल्ट नीट बसेनात म्हणून मापं बघायला मागची पानं उलटली. पाच तारीख.

‘गिअरबॉक्सखालचा जॅक काढून त्याला दिला, गिअरबॉक्स तात्पुरता तारेनं बांधला.’

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षर माझं! दादा दवाखान्यात, हेही माझ्याच अक्षरात! टॅक्सीवाल्याला जाऊन विचारलं. ‘अहो, तुम्हीच तर दिलात. तार पण तुम्हीच बांधलीत माझ्यासमोर.’

मला काही आठवत नाही. तार नाही, जॅक नाही, कपाळावरचा चष्मासुद्धा नाही. दुसऱ्याच कुणाचा दिवस वाचतोय असं वाटतं. बोटं मी मोडली त्याची. आणि वर त्यालाच म्हटलं, येऊ नकोस!

गुरुवार, १३ जून

लेकीला एवढंच विचारलं — ही वही मला द्यायचं तुला कसं सुचलं?

रडायला लागली. ‘मला नाही सुचलं, बाबा. मोठ्या काकांनी आणून दिली होती.’