घटपर्णीची निगा

३ एप्रिल
बाहेर बेचाळीस डिग्री आणि मी, जमीला शिलाईवाली, दिवसभर एसीत. नशीब उघडलं की. कुंभारीला गौरम्मा मॅडमच्या बंगल्यामागं काचेची खोली आहे, आत एकच झाड, घटपर्णी. लांबच्या थंड डोंगरावरचं, लई दुर्मिळ. पानांच्या टोकाला सुरईसारखे घट लोंबतात, काठावर मध सुटतो, मुंगी घसरली की आत विरघळते. मॅडम म्हणाल्या, बोअरचं पाणी चालत नाही, एसीचं साठलेलं घालायचं, काठ रोज बोटानं पुसायचा आणि वहीत लिहायचं. मागच्या पानांवर मी माझं लिहिते. सुई टोचली तर दुखतं का, असंही त्यांनी विचारलं. म्हटलं, बारा वर्षं युनिफॉर्म शिवलेत, सवय झालीय.

६ एप्रिल
बारा तारखेला माझी इफ्रा सात वर्षांची होणार. दुपारी इथंच तिचा फ्रॉक शिवते. दोऱ्याचं टोक तोंडात धरायची आमची शिलाईवाल्यांची खोड, आज बोटाला मध होता. गोड लागला. जीभ बधिर झाली आणि सुई टोचून ठणकणारं बोटही शांत झालं. बरंच झालं.

८ एप्रिल
तव्यावर बोटं भाजली, वासावरून कळलं. इफ्रा म्हणाली, अम्मी जड बोलते. घाबरायला हवं होतं, पण भीती वाटेना. मोठा घट वीतभर वाढलाय. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, वहीत लिही. त्या डाव्या हातानं लिहितात. उजवा कायम पदराखाली.

१० एप्रिल
घटात अंगुस्तान सापडलं, शिवताना बोटात घालतो ते. आत जगदेवी असं कोरलेलं. वहीच्या आधीच्या पानांवरही हेच नाव, माझ्या आधी इथं काम करणारी. ती कुठं गेली, मॅडमना विचारलं. त्यांचा पदर सरकला. मनगटापुढं काही नव्हतं. शांतपणे म्हणाल्या, दुखत नाही गं. तेव्हा लक्षात आलं, माझा हात अजून घटातच होता.

११ एप्रिल
डाव्यानं लिहितेय. फ्रॉकची एक बाही राहिली. सुई धरायला बोटं — दोनच. रडू येत नाही. घरी जायचं ठरवते, पुन्हा काठ पुसत बसते.

१२ एप्रिल
इफ्रा फ्रॉक न्यायला आलीय. मॅडमनीच बोलावलं. खोली गार आहे म्हणून खूश —

काठाला हात लावू नको म्हणायचंय. जीभ हलत नाही. पाय —

गोड आहे म्हणते. तिचं बोट तोंडात. दुसरा हात घटात