माझा डाग

१२ जानेवारी १९८१, चिंचवड
लागली बाई नोकरी! स्टेशनजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी परदेशातून लेसरचं यंत्र आणलंय. त्याचा निळसर-हिरवा उजेड कातडीखालच्या रक्तवाहिन्या जाळतो, लाल डाग फिका पडतो. मी तिथे मदतनीस. खोलीही झकास मिळाली, गावठाणात गिरजाबाईंकडे. त्यांची सून कंपनीत शिफ्टला जाते, म्हणून तान्ही छबी संध्याकाळी माझ्याच मांडीवर. माझ्या डाव्या गालावरच्या जन्मखुणेला, त्या लाल डागाला, ती बिनधास्त हात लावते. शहाणी आहे पोर.

२० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, मदतनिसाच्याच गालावर डाग असेल तर पेशंट विश्वास कसा ठेवतील? फुकट काढून देतो. मला त्या डागाची लाज कधीच नव्हती. तरी म्हटलं, बघू या तर खरं. डागाचा हनुवटीजवळचा तुकडा जाळला. चांगलेच चटके बसले. घरी येऊन मलम लावलं आणि त्याच बोटाने छबीला काजळाची तीट लावली. रोज मीच लावते.

२ फेब्रुवारी
माझी हनुवटी साफ! पण छबीची तीट पुसली, तर खाली लाल ठिपका. गिरजाबाई म्हणाल्या, नजर लागली, दुसरं काय न्हाई. मी हसण्यावारी नेलं.

१६ फेब्रुवारी
परवा आणखी तुकडा जाळला. मलम, मग तीट. आज छबीच्या गालावर तोच तुकडा, तसाच वाकडा काठ. जन्मभर आरशात पाहिलाय, मी ओळखणार नाही? माझ्याच बोटाने दिला. अगं आई गं, काय करून बसले मी!

१८ फेब्रुवारी
तीट बंद केली. तरी डाग वाढतोय, तिच्या डोळ्याकडे सरकतोय. पोर आंधळी झाली तर — डॉक्टर म्हणतात, योगायोग. मोठी झाली की जाळू. जाळू म्हणे! तोंडावर सुनावलं, आधी स्वतःच्या गालावर चालवा ते यंत्र. नोकरी गेली. गेली तर गेली.

१९ फेब्रुवारी, दुपार
दार लावून घेतलं. छबीच्या गालाला गाल लावला. डागाला म्हटलं, चल, मुकाट्याने परत ये. चटका बसला — यंत्राचाच. सोडलं नाही.
तिचा गाल कोरा. लगेच झोपली.

संध्याकाळ
थांबत नाही — माझा डोळा गेला — डाव्याने दिसत नाही. चालेल. तिचा वाचला.
छबीला गिरजाबाईंकडे दिलं. बजावलं, मला शिवू देऊ नका.
मान. खांदा. हात तापलाय — बोटं वळत नाहीत —
ये, कुठवर येतोस बघतेच. माझ्यापुढे नाही जायचं. इथेच, माझ्यातच सं—