दृष्ट कोणाची होती

माय, तुले जाऊन इतकी वर्षं झाली, अन् आज मी तुझ्यावर रागावून बसली आहे. समोर असती तर कडाकडा भांडली असती. नाहीस, म्हणून लिहून राहिली.

तुझी नात डॉक्टरीच्या परीक्षेत नापास झाली, तेव्हापासून खोलीचं दार लावून पडली असते. जेवायले बोलावलं तर भूक नाही म्हणते. शेवटी तिले वैशाली नगरात काउन्सिलिंगवाल्या मॅडमकडे नेलं. मले वाटलं, गोळ्या देईल, नाहीतर पोट्टीले चार शब्द सुनावेल. तर तिनं मलेच विचारलं, "आंटी, बेटी की कोई अच्छी बात बताइए." मी म्हटलं, उशिरा उठते, उलटून बोलते, केस विंचरत नाही. "ये तो शिकायतें हुईं, आंटी." मी पुन्हा तोंड उघडलं, तर काही निघेचना. जिच्यापायी जीव तुटते, तिच्यासाठी एक चांगला शब्द नाही! पोट्टी उठलीच. "रहने दो मॅडम, इनसे नहीं होगा." मॅडमनं तिले बसवलं अन् मले समजावलं, पडलेल्या माणसाले आपल्या चुका पाठच असतात, त्याच्यात काय शाबूत आहे ते दाखवा. खोटी तारीफ नको, डोळ्यानं पाहिलेलं सांगा.

इनसे नहीं होगा. कसं होईल वं माय? मी कोणापासून शिकणार होती? तू दवाखान्यात भरती होती तेव्हा मी सहावीत. बाबाची कंपनीत पहिली पाळी, मीच पहाटे उठून शेगडी पेटवते, डबा भरते, धाकटीची वेणी घालते, शाळा तर राहिलीच. तू क्वार्टरवर परत आली, शेजारची काकी दारातच म्हणते, "तुम्हारी बेटी ने तो पूरा घर संभाल लिया." अन् तू काय म्हणाली? "काय संभाळलं? भाताच्या गंजाचं बूड पाहा, कसं जाळून ठेवलं." तो गंज मी अंगणात बसून राखेनं घासला. शाळेत परत गेलीच नाही, तेही कोणी विचारलं नाही. तुझं म्हणणं एकच, लेकराले चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. लागू द्यायची होती! एक शब्द बोलून पाहायचा होता!

पोट्टी जेवायले बाहेर येत नाही, पण सकाळ-संध्याकाळ आजीच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, डोळ्यांत औषध टाकायले न बोलावता येते. म्हातारी हात झटकते, शिव्या देते, ही चिडत नाही. काल मी कशीबशी बोलली, "तू औषध टाकते ना, तेव्हा तुझा हात कापत नाही. माझा कापते. आजी तुझ्याच हातून टाकून घेते." तिनं माझ्या कपाळाले हात लावून पाहिला. "मम्मी, तबीयत ठीक है ना तुम्हारी?" मी म्हटलं, "ठीक हाये. आता जेव." स्वयंपाकाच्या वट्यापाशी उभ्या उभ्या अर्धी पोळी खाल्ली तिनं.

अन् मले भीती वाटली. मुठीत मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या, तिच्यावरून ओवाळल्या, तव्यावर टाकल्या. ठसक्यानं दोघींच्याही डोळ्यांत पाणी. "ये क्या कर रही हो?" खोकता खोकता हसली ती.

तेव्हा आठवलं. तूही दर शनिवारी माझी दृष्ट काढत होती. मले तर कोणी चांगलं म्हणतच नव्हतं, काकीची ती एक वेळ सोडली तर. मंग कोणाच्या नजरेले भीत होती तू? स्वतःच्याच ना? म्हणजे पाहत होती तू मले. सगळं पाहत होती. अन् बोलली कावून नाही? माझा राग गेला नाही, माय, उलटा वाढला. अर्ध्या पोळीपुरता एक शब्द तुझ्याजवळही होता.

हा कागद मी कोणाले वाचून दाखवणार नाही, तुझ्या फोटोपुढेही नाही. एवढंच सांगते. शनिवारी तू हाक मारायच्या आधीच मी शेगडीपुढे येऊन बसत होती.