दोघींतलं कोण गात होतं

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस ना? की शिस्त फक्त दुसऱ्यांना लावायची?

इकडे गाण्याच्या शिकवण्या बऱ्या चालल्या आहेत. दातांचे डॉक्टर अजून ताल सोडून पुढे पळतात. बाहेर पेशंट खोळंबल्यासारखे. पण आज लिहायचंय ते टेलरबाईंबद्दल. कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून येतात. तीन महिन्यांत एकही दिवस चुकवला नाही, आणि ताई, तीन महिन्यांत एकदाही त्यांचा सा लागला नाही. मी पेटीवर काळी चारचा सा धरते. त्या कधी वर जातात, कधी खाली, आणि आपण चुकलो हे त्यांना कळतही नाही. मी गाऊन दाखवलं, हाताने चढ-उतार दाखवला, काही उपयोग नाही.

परवा मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तर म्हणाल्या, गाणं आलं नाही तरी चालेल; स्वर लागतो म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा कळलं पाहिजे.

मला त्यांची फसवणूक केल्यासारखं वाटतं. पुढच्या मंगळवारी थांबा म्हणून सांगावं म्हणते. तू तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंस. अशांना कसं सांगायचं, ते तूच सांग.

लोभ तुझा, हट्ट माझा.
धाकटी

ता. १३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघे ठीक आहेत. सारखी चौकशी करून मला म्हातारी ठरवू नकोस.

टेलरबाईंना इतक्यात काही सांगू नकोस. तू त्यांना आपल्या स्वराकडे बोलावत बसली आहेस, आणि त्यांना वाटच ठाऊक नाही. मंगळवारी पेटी बंद ठेव. त्यांना जमेल तो आवाज काढू दे, कसाही असो, फक्त लांबव म्हणावं. मग तू तिथे जाऊन मिळ. आपल्याला कुणी येऊन मिळालं की कसं वाटतं, ते त्यांना आधी कळू दे.

शाळेचं विचारलंस, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तब्येत सांभाळ, आणि माझं ऐक. लोभ तर आहेच.
ताई

ता. १७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मंगळवारी, तू लिहिलंस तसं केलं. कसं लिहू तेच कळत नाही, जसं घडलं तसं लिहिते.

टेलरबाईंनी डोळे मिटले आणि आवाज काढला. काळी चारच्या कितीतरी खाली, पुरुषांच्या पट्टीतला, जाड, थोडा खरखरीत. मी शोधत शोधत तिथे उतरले. आधी दोन आवाज एकमेकांवर थरथरत होते. मग थरथर संथ झाली आणि एकदम थांबली. ताई, कपाटाची काच गुणगुणायला लागली! खोलीत दोन बायका होत्या आणि आवाज एकच. पंचवीस वर्षं मी सा लावते आहे. तो एवढा मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांचा श्वास संपला. मग हळूच म्हणाल्या, “आत्ता दोघींतलं कोण गात होतं?”

मी नुसता त्यांचा हात धरला.

मग मी एक पायरी वर गेले आणि त्या पुन्हा हरवल्या. तीनदा हरवल्या. पण या वेळी हरवलो हे त्यांना कळत होतं, त्या स्वतःच मान हलवून थांबत होत्या. चौथ्यांदा माझ्यासोबत वर आल्या. मग घड्याळ बघून, कुणाचा तरी कोट द्यायचाय म्हणत, चप्पल उलटसुलट घालून धावत गेल्या.

तुला हे शाळेत रोज बघायला मिळत असेल. कशी ग राहिलीस एवढी शांत?

तुझ्या लोभाची धनी,
धाकटी

ता. २१ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तुझ्या भावजींकडून वाचून घेतलं. ते चष्मा पुसत बसले.

तू विचारलंस म्हणून कबूल करते. मी हे कधीच पाहिलेलं नाही. हा उपाय माझ्या गाण्याच्या बाईंनी मला सांगितला होता. मी तो एकदाही करून बघितला नाही. वर्गात चाळीस मुलं आणि कार्यक्रम तोंडावर. ज्यांचा स्वर लागत नसे त्यांना मी मागच्या रांगेत उभं करायची आणि सांगायची, नुसते ओठ हलवा. ती ऐकायची ग. शहाण्यासारखे ओठ हलवायची. टाळ्या पडल्या की तीही हसायची.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. कोपऱ्यात एक बाई बसली तर चालेल का, असं टेलरबाईंना विचारून ठेव. मी शाळेत गाणं शिकवायची हे सांगू नकोस. शिकायला येते आहे म्हण.

लोभ आहेच, जागा तेवढी धरून ठेव.
ताई