पुढच्या चाकांचं माप

१२ जानेवारी १९३६
'मला माहीत नाही' एवढं म्हणायला माझी जीभ का रेटत नाही? खरंच सांगता येत नाही.

रावसाहेबांची नवी मोटार — विलायती, लाल, दोनच माणसांची, नुसती पळण्यासाठी केलेली. आमचा रामहरीदादा तिचा ड्रायव्हर आणि मिस्त्रीही तोच. खड्ड्यात आपटल्यापासून तिची पुढची चाकं सरळ राहीनात. म्हणून आज दादा गाडीचं इंग्रजी पुस्तक घरी घेऊन आला. "पबे, बघ की. दोन चाकांतलं अंतर पुढच्या अंगाला कमी ठेवायचं का मागच्या?"

पान वाचलं. आकृती कळली नाही. आई कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

"मागच्या," म्हणाले. ठणकावून! घरातली पहिली बी.ए. ना मी!

२ फेब्रुवारी
दादाची कुरकुर. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजत चाललीय. "जोरात सोडली की रस्त्यावर ठरत न्हाय, हिकडं तिकडं पळती." गॅरेजवर डबा द्यायला गेले तेव्हा हात लावून पाहिलं. एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत. बाहेरची कड मात्र कोरी.

"रस्तेच खराब आहेत," मी म्हणाले. मला कुणी विचारलं होतं!

१६ फेब्रुवारी
दादाचं काम गेलं. रावसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले — "माझ्या माघारी गाडी दुधनीला भाड्यानं पळवतोस. टायर काय उगाच झिजतात?"

दादा चोर ठरला.

आई म्हणते, "पबी लिव्हील की सायबास्नी इंग्रजीत. तिचं ऐकतील." मी ताट सारून उठले.

१७ फेब्रुवारी
ते पुस्तक अजून घरातच आहे. डब्यांची दोन झाकणं जमिनीवर उभी धरली आणि आकृती पुन्हा पाहिली. कोपऱ्यात एक बाण आहे — गाडीचं तोंड कुठं ते दाखवणारा. त्या दिवशी तो मी पाहिलाच नव्हता. अंतर पुढच्या अंगाला कमी हवं. मी नेमकं उलटं सांगितलं!

दादाला सांगितलं. वाटलं, ओरडेल. त्यानं झाकणं उचलून डब्यांवर बसवली.

"कुणाला बोलू नगंस."

"अरे, पण तुझ्यावर चोरीचा आळ —"

"चोर म्हणत्यात ते बरं. बहिणीला इचारून चाकं लावतो म्हणले, तर सोलापुरात कुठला मालक दारात उभा करंल मला?" मग एकदम भडकला. "आन् तुला ठावं न्हवतं तर न्हाय म्हणायचं की गं! कुणी बंदूक लावली हुती?"

२० फेब्रुवारी
शेजारच्या गोजरबाई नातवाच्या औषधाची बाटली घेऊन आल्या. दोन चमचे का तीन? अक्षर पुसट. "मला माहीत नाही, डॉक्टरांनाच विचारा," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा! जाता जाता दारातून ऐकवून गेल्या — "शिकली लई, पर कामाची न्हाय."

२३ फेब्रुवारी
शाळेत मुलींना 'सत्य' या विषयावर निबंध घातला होता. वह्यांचा गठ्ठा तसाच पडलाय. कोणत्या तोंडानं तपासू?

रावसाहेबांनी नवे टायर घातले, नवा ड्रायव्हर ठेवला. चाकं तशीच वाकडी! खरं सांगितलं तर दादाचं हसं. नाही सांगितलं तर तो चोर.

दादा दिवसभर अंथरुणात तोंड वळवून पडून.

२४ फेब्रुवारी
सकाळीच रावसाहेबांकडे जाऊन खोटंच सांगून आले — दादानं चाकं बरोबर लावली होती. डबा घेऊन गेले तेव्हा तो गॅरेजात नव्हता. पुस्तक वाचलं होतं, तोऱ्यात मीच पाना घेतला आणि दोन चाकांमधला दांडा उलटा फिरवला. त्याला पत्ताही नव्हता.

नव्या ड्रायव्हरनं तिथंच काठी धरून माप घेतलं. उलटंच निघालं. रावसाहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "शिकवा अजून बायकांना!" माळी हसला, दिवाणजी हसले. मी मान खाली घालून उभी राहिले.

दादाला उद्यापासून कामावर बोलावलंय.