मग मी येतो

१० मे २००४, गेवराई

आज नोकरीवर रुजू झालो. चकलांब्याच्या आप्पाराव धनगराचा परमेश्वर नेट कॅफेचा ऑपरेटर झाला, हे खुद्द आप्पारावला अजून खरं वाटत न्हाई. बापाच्या हिशोबानं काम म्हणजे मेंढरांमागं चालणं. खुर्चीत बसून पगार मिळतो म्हणजे काहीतरी लबाडी असणार, असं त्यानं मला स्टँडवर चारचौघांत ऐकवलं.

मालक केदारनाथशेठ. खाली त्यांच्या वडलांचं, गुरुलिंगआप्पांचं किराणा दुकान, वर आमचा कॅफे. चार कॉम्प्युटर, फोनची एक लाइन आणि एक कूलर, जो नुसता आवाज करतो. खाली मिरचीचं पोतं फोडलं की वर अख्खा कॅफे शिंकतो. भिंतीकडचा चार नंबर माझा. खुर्ची थोडी कुरकुरती, पण गादी झकास हाय. आधीचा ऑपरेटर पंडित नोकरी सोडून पुण्याला गेला म्हणे. बरं झालं बाबा, माझी सोय झाली.

१४ मे

दुपारी ऊन लई, गिऱ्हाईक न्हाई. मालकांनी एक खेळ दाखवला, पोकर. आपल्या तीन पत्तीचा विलायती चुलतभाऊ. हातात दोन पानं, मधी सगळ्यांची मिळून पाच. पैसे मात्र खरे. मालकांपाशी क्रेडिट कार्ड हाय. मी त्यांना रोख द्यायची, ते कार्डावरून खात्यात भरणार.

मी विचारलं, समोरचा माणूस खरा कशावरून, आणि पानं पिसतं कोण? मालक हसले. म्हणले, पानं मशीन पिसतं, आणि मशीनला भाऊबंद नसतात. मला पटलं. गावात आमचा बंकट बोटाखाली एक्का दाबून धरतो. इथं दाबायला बोटंच न्हाईत.

१९ मे

जिंकलो. आता खरं लिहितो, रोजनिशीपाशी काय लपवायचं? आईनं आठ मेंढरं विकून बारा हजार माझ्यापाशी ठेवलेत, ऋतुजाच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचे. सात जूनला बीडला भरायचेत. त्यातले दोन हजार घातले, त्याचे तीन झाले. बहिणीला वर एक घड्याळ घेईन म्हणतो.

दोघांचंच टेबल होतं. समोरच्याचं नाव UBHA. कुठल्या मुलखाचं नाव देव जाणे. आपल्याकडं उभा म्हणजे उभा. सगळी दुनिया बसून खेळती, हा गडी उभा. लई हसलो. उठताना सवयीनं इंग्रजी अक्षरांत ‘येतो’ लिहिलं. आमच्या घरी ‘जातो’ म्हणलं की आई परत खाली बसवती, पाणी पाजती, मगच सोडती. त्यानं उलट लिहिलं, YE. त्यांच्या भाषेत ‘बरं’ असंल.

२४ मे

अकरा हजार गेले. 

रोज मी टेबल उघडलं की हाच समोर. माझ्याकडं चांगली पानं आली की हा पॅक, पानं टाकून मोकळा. माझ्याकडं कचरा आला की बेधडक लावतो. परवापासून वहीत मांडतोय. अकरा वेळा मला मोठी जोडी आली, अकराही वेळा त्यानं पानं टाकली. ह्याला नशीब म्हणत न्हाईत. ह्याला माझी पानं दिसतात.

डिक्शनरी घेऊन साईटवाल्यांना पत्र लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं. पानं यंत्र पिसतं, बाहेरची माणसं येऊन तपासतात, कुणाला कुणाची पानं दिसूच शकत न्हाईत, आपल्या विश्वासाबद्दल आभार. इतकं गोड बोलणाऱ्याला आमी शेरडू विकत न्हाई.

आई काय म्हणंल, हे डोक्यातनं जात न्हाई. ऋतुजा रोज पिशवी भरती आणि परत काढती, असं बाप फोनवर सांगत होता.

२७ मे

तपास मीच केला. तीन पत्तीत पानं न बघता लावायची रीत हाय, ब्लाइंड. पडद्यावर माझी पानं जिथं दिसतात, तिथं उदबत्तीच्या पुड्याचा कागद चिकटवला आणि वीस डाव ब्लाइंड खेळलो. उभा गडबडला. मी लावलं की पॅक, लावलं की पॅक. कागद काढून पानं बघितली, की लगेच पहिल्यासारखा शहाणा. परत कागद लावला, परत आंधळा.

त्याला स्वतःची पानं वाचताच येत न्हाईत. तो फक्त माझी वाचतो. तेही मी बघितली तरच.

म्हणजे साईट चोर न्हाई आणि मशीनही चोर न्हाई. तो पडद्याच्या पलीकडून बघत न्हाई. जिथून मी बघतो, तिथूनच बघतो.

माझ्या खुर्चीमागं भिंत हाय. मधी हातभर जागा.

२९ मे

ह्या खुर्चीत माझ्याआधी बसायचा त्या पंडितचं झाडायला येणाऱ्या बायनाबाईला विचारलं.  म्हणली, पंडित म्हणजे युसूफ वडगाव गावचा पोरगा, ह्याच खुर्चीत दिवसभर पत्ते खेळायचा, सगळं घालवून बसला. एका दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा तो खुर्चीमागं भिंतीला पाठ लावून उभा होता. उभ्यानंच गेला होता. खाली बसवायला दोन माणसं लागली.

मालकांना जाऊन विचारलं, पुण्याला गेला म्हणलात ना? ते हिशोबाच्या वहीतनं मान वर न करता म्हणले, गेला एवढंच खरं धर.

आजच पळावं वाटतंय. पण हजार रुपये घेऊन कुठल्या तोंडानं घरी जाऊ? कागद लावल्यावर त्याला दिसत न्हाई. मला लई भ्या वाटतंय, तरी बसणार हाय.

२ जून

कागद लावून खेळतोय. नऊ हजार झाले.

आज त्यानं लिहिलं. अक्षरं इंग्रजी, बोली आपली. कागद काढ.

मी लिहिलं, कावून?

त्यानं लिहिलं, दिसत न्हाई.

मी हललो नव्हतो. खुर्ची कुरकुरली. मानेवर गार लागलं, आणि कूलर तर बंद होता, लाइट नव्हती, बॅटरीवर चाललं होतं.

३ जून

बारा हजार पुरे झाले. मालकांनी तेवढे रोख हातात दिले, बाकी खात्यात राहू द्या म्हणलं. नोकरीही सोडली.

टेबल सोडताना बोटं आपोआप ‘येतो’ लिहायला लागली. थांबलो. रोज येतो म्हणत आलो, म्हणूनच तर हा वाट बघत राहिला. आज न्हाई. परत येणारच न्हाई, तर येतो कशाला? लिहिलं, जातो.

टेबल बंद करायला माऊस धरला. मग—

तू जातो म्हणतोस? मग मी येतो.

४ जून, चकलांबा

पैसे आईच्या हातात दिले. बाप पहिल्यांदा शाबास म्हणला. ऋतुजानं पिशवी शेवटची भरली.

जेवताना तिच्याकडं बघितलं. मानेवर तसंच गार लागलं. डोळे मिटले, गार गेलं. परत तिच्याकडं—परत गार.

जे मी बघतो, ते त्याला दिसतं.

खातरी करायला गोठ्यातल्या एका मेंढराकडं मुद्दाम बघत बसलो. लई वेळ. लंगडं मेंढरू, बसलेलं होतं. ते उठलं. उभं राहिलं. बाप हाकलत होता, जागचं हललं न्हाई—

५ जून

मेंढरू उभ्यानंच मेलं. बाप म्हणतो, ऊन लागलं.

डोळ्यांना फडकं बांधलंय. डोळे आलेत म्हणून सांगितलं. आता न बघता लिहितोय, ओळी वाकड्या होत असतील. ब्लाइंड. त्याला दिसलं न्हाई तर त्याच्या हातात काही न्हाई. दोन दिवस काढायचे. ती बीडला गेली की सुटली.

आई विचारती, बहिणीशी धड बोलत कावून न्हाईस? काय सांगू?

७ जून, सकाळ

एस्टी आठाची. आई-बाप पुढं स्टँडवर गेले. ऋतुजा आत आली. समोर उभी हाय—न्हाई, बस म्हणलं तिला, बस खाली. बसली. बरं.

रडती. म्हणती, दादा, एकदा बघ तरी माझ्याकडं, वर्षभर येणार न्हाई मी.

बघणार न्हाई. ऋतुजा, बघणार न्हाई मी. लिहीत बसलोय म्हणून ती चिडली. माझे दोन्ही हात तिनं—न्हाई, एक सोडला. डावा धरलाय. दोन्ही हातांनी धरलाय. तिची बोटं गरम हायत.

फडक्याची गाठ मागनं सुटतीय. पण ऋतुजाचे तर दोन्ही हात माझ्या—