वांग्याच्या रंगाचा फोटो

मी, कवडू रामाजी मेश्राम, वय अडुसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार नंदनवन, नागपूर, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही.

१. राहते घर मुलगा महादेव यास मिळावे. मात्र फोटो धुण्याची मागची अंधारी खोली त्याची नाही. तिथे न्हाणीघर काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. आंघोळ त्याने अंगणात करावी. मी जन्मभर केली.

२. सायकल शेजारी नत्थूजी यांस द्यावी. तशीही दहा वर्षांपासून ती त्यांच्याकडेच आहे.

३. अंधारी खोली, फोटो मोठा करून छापायचा एनलार्जर, ट्रे आणि सेलेनियमची बाटली मुलगी पुष्पलता हिला. बाटलीत विष आहे, हातमोजे घालावेत.

कारण लिहिणे भाग आहे. सन १९७० च्या मे महिन्यात मी तिच्या आईचा, तुळसाबाईचा, फोटो छापला. तो टिकावा म्हणून तीन मिनिटे सेलेनियमच्या पाण्यात ठेवायचे काम पुष्पाला दिले. फोटो निघाला तो थेट वांग्याच्या रंगाचा. मी ओरडलो, "आईचं वांगं करून ठेवलं वं!"

"बाबा, मी तं घड्याळ पाहूनच काढला जी."

मी ऐकले नाही. तिने पुन्हा त्या खोलीत पाय ठेवला नाही. मी रागाने त्याच निगेटिव्हवरून दुसरा फोटो छापला आणि सेलेनियमशिवायच भिंतीवर लावला.

खरे असे की, टिनाखालच्या त्या खोलीत मे महिन्यात ट्रेमधले पाणी चहासारखे तापते आणि तीन मिनिटांत दहा मिनिटांचा रंग चढतो. माठाचे गार पाणी घे, हे सांगायचे मीच विसरलो होतो.

तुळसा गेली. निगेटिव्हला बुरशी लागली. भिंतीवरचा फोटो गेल्या पावसाळ्यात पिवळा पडला, चेहरा ओळखू येईना. मग पेटीच्या तळाशी ते वांगे सापडले. गालावरच्या तिळासकट तुळसा जशीच्या तशी. मी फार रडलो.

चूक माझी होती, पुष्पा.

४. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. मला तेवढा धीर नाही. कलम तीनची नक्कल खोलीच्या किल्लीसह आजच टपालाने काटोलला पुष्पाकडे पाठवीत आहे. मे तोंडावर आला आहे. माठ भरून ठेवतो.

सही: कवडू रामाजी मेश्राम
साक्षीदार: १. गोपाळराव ढोबळे, लकडगंज
२. इंदुताई वासनिक, नंदनवन (कवडूजींचे पाकीट मीच पोस्टात टाकले.)
नागपूर, १२ एप्रिल १९८१